चावी हातात येईपर्यंत एफडी मोडू नका

वाचकाचं पत्र :

मी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. मुलगी सत्तावीस वर्षांची, अंबडच्या एका कंपनीत डिझाइनला होती. तिला जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली आहे, दीड महिन्यात रुजू व्हायचं आहे. पहिले चार आठवडे कंपनी राहण्याची सोय करणार, पुढे घर आपलं आपण बघायचं. ती रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप घेऊन बसते, अर्ज पाठवते, पण उत्तरच येत नाही. आलं तर नकार. तिची मैत्रीण म्हणते, भारतीय नाव दिसलं की ते लोक पुढे वाचतच नाहीत.

आता एका मालकाचं फार सभ्य पत्र आलं आहे. शहराच्या पश्चिम भागात ६५ चौरस मीटरचं सजवलेलं घर, सगळं धरून महिना ६५० युरो. तो कामानिमित्त इंग्लंडमध्ये असतो, म्हणून दाखवायला येऊ शकत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, एकूण १,९५० युरो पाठवले की करार आणि चावी कुरिअरने येणार. पासपोर्टची प्रतही मागितली आहे. मी एफडी मोडायला तयार आहे, पत्नी म्हणते आधी कुणाला तरी विचारा. तिथे डिपॉझिट परत मिळतं का? मी इथून हमीदार राहिलो तर उपयोग होईल का? आमचा इंदिरानगरला एक फ्लॅट आहे, तो आम्ही भाड्याने देतो (फक्त फॅमिलीला), त्यामुळे इथले व्यवहार मला कळतात, तिथले नाहीत. आणि पत्नीचा प्रश्न : बरोबर कुकर द्यावा का?

एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर :

पैसे पाठवू नका. पासपोर्टची प्रत पाठवू नका. त्या सभ्य पत्राला उत्तरही पाठवू नका. वहिनींचं ऐकून तुम्ही थांबलात, बरं केलंत.

इथले व्यवहार कळतात असं तुम्ही लिहिलं आहे, तर त्याच नजरेने ते पत्र पुन्हा वाचा. तुमचा इंदिरानगरचा फ्लॅट उद्या रिकामा झाला, तर जिला कधी पाहिलं नाही अशा परदेशातल्या मुलीला तुम्ही चावी कुरिअरने पाठवाल का? तुम्ही नाशकात नसलात तर किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवाल, भाच्याला पाठवाल, नाहीतर एजंटला सांगाल. घर दाखवायला माणूसच नाही असा घरमालक जगात कुठे नसतो. स्टुटगार्टमध्ये तर नाहीच, कारण तिथे रिकाम्या घराची बातमी लागली की बघायला जिन्यापर्यंत रांग लागते. ६५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ७०० चौरस फूट कार्पेट. भर शहरात, सामानासकट, ६५० युरोत सगळं धरून? जर्मनीतल्या महागड्या शहरांत या शहराची गणना होते. तो आकडा गळाला लावलेलं आमिष आहे.

हा फसवणुकीचा प्रकार जुना आहे आणि तपशील जवळजवळ ठरलेले असतात : मालक परदेशात, घर सुंदर, भाडं कमी, भाषा गोड, चावी टपालाने. कधी कधी तुम्ही पाठवलेल्या रकमेची ‘हमी’ एखादी नावाजलेली कंपनी घेते असंही सांगतात आणि त्या कंपनीच्या पानासारखं दिसणारं खोटं पान पाठवतात. करारही छान शिक्क्यासह येतो. मुलीला ते फोटो गुगलच्या चित्रशोधात टाकून बघायला सांगा, बहुतेक वेळा तेच फोटो दुसऱ्या गावातल्या हॉटेलच्या किंवा विकायला काढलेल्या घराच्या जाहिरातीत सापडतात. पण नाही सापडले तरी माझं उत्तर बदलत नाही. न पाहिलेल्या घराचे पैसे द्यायचे नाहीत. बँकेतून परदेशी पाठवलेली रक्कम एकदा समोरच्याच्या खात्यात पडली की परत आणणं फार कठीण जातं. हे उत्तर पोचेपर्यंत चुकून पाठवले असतीलच, तर त्याच तासाला बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पासपोर्टची प्रत गेली असेल तर सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. तुमच्या मुलीच्या पासपोर्टवरचं नाव लावून हीच माणसं उद्या आणखी कुणाला तरी ‘घरमालकीण’ म्हणून पत्र लिहू शकतात.

टोकन देऊन घर धरून ठेवायची आपल्याकडची सवयही इथेच सोडा. भाड्याच्या घरासाठी तिथे तशी पद्धत नाही, आणि जो कोणी ‘आरक्षणाचे’ पैसे मागेल त्याच्यापासून लांब राहायचं.

आता खऱ्या घरमालकांकडे वळू, जे उत्तरच देत नाहीत. त्यांचा राग धरण्याआधी त्यांची अडचण बघा. तुम्ही अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करता. भाडेकरू पटला नाही तर अकराव्या महिन्यात नमस्कार. जर्मन मालकाला ही सोय नाही. तिथला नेहमीचा भाडेकरार मुदतीविना असतो, म्हणजे भाडेकरू भाडं देत राहिला, नीट वागला, तर हवी तितकी वर्षं राहू शकतो. मालकाला घर परत हवं असेल तर कायद्याला मान्य असं कारण लेखी द्यावं लागतं, उदाहरणार्थ स्वतःला किंवा मुलांना राहायला हवं आहे. वर तीन महिन्यांची नोटीस, आणि भाडेकरू पाच वर्षांहून जुना असेल तर सहा, आठ वर्षांहून जुना असेल तर नऊ महिन्यांची. भाडेकरूच्या बाजूने इतकं भक्कम कवच असल्यामुळे मालकाची सगळी सावधगिरी दारातच एकवटते. आत घेतानाच तो दहा वेळा विचार करतो. तुमची मुलगी आत गेली की हेच कवच तिचं असेल, तेव्हा त्याबद्दल फार कुरकुर करू नका.

त्या मालकाच्या मनात प्रश्न काय असतील? ही बाई भाडं देऊ शकेल का, सहा महिन्यांत नोकरी सोडून मायदेशी गेली तर थकबाकी कुणाकडे मागू, भिंतींना बुरशी लावून जाईल का, आणि माझं पत्र आलं तर तिला वाचता येईल का. तिथल्या जन्मल्या माणसाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर शूफा नावाच्या पतमापन संस्थेच्या कागदावर मिळतं. आपल्या सिबिलशी तुमची ओळख असेलच. नव्याने आलेल्या परदेशी माणसाच्या नावावर शूफात काहीच नसतं. वाईट नोंद नसते, पण चांगलीही नसते. म्हणून तिच्या अर्जाने तो रिकामा रकाना दुसऱ्या कागदांनी भरायला हवा.

ती काय लिहिते आहे ते मला माहीत नाही, पण बहुतेक मुलं जे लिहितात ते माहीत आहे : इंग्रजीत चार ओळी, घर आवडलं, अजून रिकामं आहे का, बघायला कधी येऊ. अशा पत्रांचा ढीग मालकाकडे तासाभरात जमतो. तिने जर्मनमध्ये लिहावं. भाषा कच्ची असेल तर कुणाकडून तपासून घ्यावं. पहिल्याच वाक्यात कंपनीचं नाव, हुद्दा, करार कायमस्वरूपी आहे का, रुजू व्हायची तारीख आणि महिन्याचा हातात येणारा पगार. मग एकटीच राहणार, सिगारेट नाही, प्राणी नाही, वाद्य नाही, जे खरं असेल ते. शेवटी कधीपासून घर हवं आणि किती काळ राहायचा विचार आहे. ‘दोन-तीन वर्षं तरी’ असं खरंच म्हणता येत असेल तर ते वाक्य तिथे सोन्याच्या मोलाचं आहे. सोबत कागद तयार ठेवावेत : सही झालेला नोकरीचा करार, व्हिसा, कंपनीच्या एचआरचं एका पानाचं पत्र, आणि तिथे भाडेकरू स्वतःबद्दल माहिती भरून देतो तो नमुन्यातला फॉर्म. कागद पहिल्या निरोपाबरोबरच कुणालाही पाठवायचे नाहीत. घर बघितल्यावर, माणूस खरा आहे याची खात्री झाल्यावर द्यायचे, आणि पासपोर्टच्या प्रतीवर नंबर झाकून ‘फक्त भाड्याच्या अर्जासाठी’ असं आडवं लिहून.

अर्ज पाठवण्यापूर्वी तिने तो तुम्हाला वाचून दाखवावा. तुम्हाला जर्मन येत नाही म्हणू नका, मराठीत सांगेल. वाचताना वडील म्हणून नाही, इंदिरानगरचा फ्लॅट देणारा म्हणून ऐका आणि ‘या मुलीला मी घर देईन का’ एवढंच सांगा. हे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. मात्र तिकडच्या मालकाला तुम्ही फोन किंवा मेल करायचा नाही. नोकरी करणाऱ्या मुलीच्या वतीने वडील बोलायला लागले की तिथे ते काळजीचं लक्षण वाटत नाही, मुलीला स्वतःचं बघता येत नाही असा त्याचा अर्थ लावतात.

नावाचा प्रश्न. मैत्रीण अगदीच चूक बोलत नाहीये. २०१७ साली ‘श्पीगल’ साप्ताहिक आणि बव्हेरियाच्या नभोवाणीच्या पत्रकारांनी जर्मन नावाने आणि परकी नावाने सारख्याच मजकुराचे हजारो अर्ज पाठवून पाहिले होते. परकी नावांना, त्यातही अरबी आणि तुर्की नावांना, घर बघायला या अशी बोलावणी स्पष्टपणे कमी आली. वंश किंवा धर्म बघून भेदभाव करायला २००६ पासून तिथे कायद्याने बंदी आहे, पण उत्तरच न आलेल्या पत्राचं कारण सिद्ध कसं करणार? म्हणून हे होतं असं गृहीत धरून जास्त अर्ज पाठवायचे. नाव बदलायचं नाही, आणि माहितीच्या फॉर्मवर पगार किंवा नोकरीबद्दल खोटं तर अजिबात लिहायचं नाही. ते पुढे उघड झालं तर करारच धोक्यात येतो. धर्म कोणता, लग्न-मूल कधी, असले प्रश्न मालकाला विचारता येत नाहीत. विचारले तर खरं उत्तर द्यायची सक्ती नाही.

आणि तुम्ही कंसात लिहिलेलं ‘फक्त फॅमिलीला’. तुम्ही सहज लिहून गेलात. नाशकात गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत एकट्या मुलीला, कॉलेजच्या मुलांना, अमुक आडनावाला, मटण शिजवणाऱ्याला घर नाकारणारे कमी नाहीत, आणि सगळेच स्वतःला भले समजतात. तुमची मुलगी आता दुसऱ्या बाजूला उभी आहे. पुढच्या वेळी फ्लॅटची पाटी लावाल तेव्हा ते दोन शब्द गाळता येतील का, बघा. मी सल्ला सदर लिहिते, त्यामुळे न मागितलेला एक सल्ला माफ असावा.

पैशांचं बोलू. जाहिरातीत भाडं दोन तऱ्हांनी येतं. काल्टमीटं, म्हणजे निव्वळ जागेचं भाडं. वार्ममीटं, म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरून. हे वरचे पैसे आगाऊ अंदाजाने घेतलेले असतात. वर्षाचा हिशेब मालक नंतर देतो, कमी वापर असेल तर परत मिळतात, जास्त असेल तर भरावे लागतात. हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून हीटर चालवणाऱ्या आपल्या मुलांना पहिल्या वर्षाचं हे बिल चांगलंच लक्षात राहतं. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. शिवाय घरटी महिना १८.३६ युरो नभोवाणी-दूरदर्शनची वर्गणी, टीव्ही असो वा नसो. तिचं पत्र आलं की ती फसवणूक नव्हे, भरायची.

डिपॉझिटवर कायद्याची मर्यादा आहे : जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं, वार्म नव्हे. आणि हे फार जणांना माहीत नसतं, भाडेकरू ते तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो, पहिला हप्ता करारातला भाड्याचा काळ सुरू होताना. समजा काल्ट ८५० आणि वार्म १,०५० युरो आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त २,५५०. चावी घेताना तिला द्यावे लागतील ८५० अधिक १,०५०, म्हणजे १,९००. उरलेले ८५०-८५० पुढच्या दोन महिन्यांच्या पगारातून. सगळं एकदम द्या असं मालक म्हणाला तर हप्त्याचा हक्क सांगता येतो, अर्थात चांगलं घर हातचं जाईल असं वाटत असेल तर तिथे हटून बसायचं की नाही हे तिने ठरवावं. मी असते तर नसते बसले. रोख काही द्यायचं नाही, सगळं बँकेतून. मालकाने डिपॉझिट स्वतःच्या पैशांपासून वेगळं, व्याजावर ठेवायचं असतं.

परत मिळतं का? मिळतं, पण आपल्या हिशेबाने लगेच नाही. घर सोडल्यावर नुकसान बघायला मालक काही महिने घेतो, आणि वार्षिक हिशेब बाकी असेल तर त्यापुरती थोडी रक्कम त्यानंतरही अडवून ठेवतो. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापून घ्या’ ही आपली रूढ तडजोड तिथे चालत नाही, ती भाड्याची थकबाकी ठरते. परत मिळण्याची खरी तयारी पहिल्या दिवशी करायची असते. चावी घेताना दोघांच्या सहीचं एक टिपण करतात, त्यात मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, आणि आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा लिहून घ्यायचा. बाथरूमची फरशी, खिडक्यांच्या कडा, फ्लॅशच्या टाकीचं झाकण, सगळ्याचे तारखेसह फोटो. लाजायचं नाही. मालकही लाजत नाही.

किल्ल्यांचं खास. अनेक इमारतींत तिची किल्ली खालचा मुख्य दरवाजाही उघडते. ती हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च तिच्यावर येऊ शकतो. तिथे खासगी दायित्व विमा मिळतो, वर्षाचा हप्ता फारसा नसतो. किल्ली हरवण्याची सोय त्यात आहे ना, हे बघून तो पहिल्याच महिन्यात घ्यावा. मालकांनाही तो असलेला आवडतो.

एजंटची दलाली. २०१५ च्या जूनपासून नियम असा की ज्याने एजंट नेमला त्याने पैसे द्यायचे. जाहिरात मालकाच्या एजंटची असेल तर मुलीने एक युरोही द्यायचा नाही.

तुमच्या हमीचं मी फार मनावर घेणार नाही. पाथर्डी फाट्यावरच्या माणसाकडून वसुली कशी करायची हे स्टुटगार्टच्या मालकाला कळत नाही, म्हणून तुमच्या सहीपेक्षा कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र तिथे जास्त चालतं. तुम्हाला मदत करायचीच आहे तर ती तीन महिन्यांच्या रोख सोयीची करा. पहिला पगार महिनाअखेरीला येईल, तोपर्यंत वरचे १,९०० आणि खाण्यापिण्याचे, प्रवासाचे तिच्या हाताशी हवेत. थोडे फॉरेक्स कार्डवर द्या. बाकीचे तिचं तिथलं खातं उघडल्यावर बँकेतून, तुमच्या पॅनवर, उदारीकृत प्रेषण योजनेखाली (बँकेत ‘एलआरएस’ म्हणतात) पाठवा. आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर सध्या टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जात नाही, आणि तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत. एफडी मोडायची वेळ आलीच तर ती चावीची तारीख ठरल्यावर. तोवर तिला व्याज मिळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलं नाही : कंपनीने दिलेले चार आठवडे. घर मिळायला तेवढे पुरतील असं धरून चालू नका. नव्या माणसाला तीन-चार महिनेही लागतात. मुलीने आजच एचआरला दोन गोष्टी विचाराव्यात. एक, त्या पत्त्यावर तिची शहराच्या कार्यालयात नोंदणी होईल का. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी जागा देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. या नोंदीवर बाकीचं सगळं अवलंबून असतं. करक्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो, तो मिळेपर्यंत पगारातून वरच्या दराने कर कापला जाऊ शकतो (नंतर परत मिळतो, पण तेव्हा खिसा रिकामा असतो), आणि निवासपरवान्यालाही पत्ता लागतो. दोन, मुदत वाढवून मिळेल का, स्वतःच्या खर्चाने का होईना.

ते नाही जमलं तर दुसरा मुक्काम सामानासकट, मुदतीच्या खोलीत. वर्षभरासाठी बाहेरगावी गेलेल्या माणसाची जागा, किंवा तीन-चार जणांच्या सामायिक घरात एक खोली. अशा जाहिरातींत ‘नोंदणी होणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर भाडं कितीही कमी असो, पुढे जायचं. आणि भाडेकरूच पोटभाड्याने देत असेल तर मूळ मालकाची परवानगी कागदावर बघायची. सामायिक घराला नाक मुरडू नका. तिथे जर्मन बोलणं होतं, कचरा किती डब्यांत वेगळा टाकायचा हे कळतं, आणि सोडताना ‘आधीच्या ठिकाणी भाडं वेळेवर दिलं’ असं लिहून मिळतं. त्या कागदासह केलेला पुढचा अर्ज आणि आज नाशकातून केलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून इथून रात्री जागून कायमचं घर शोधणं तिने थांबवावं. इथून फक्त दुसऱ्या मुक्कामाची सोय करावी, तीही व्हिडिओ कॉलवर आतून-बाहेरून घर दाखवणाऱ्या माणसाकडून किंवा कंपनीतल्या सहकाऱ्याला पाठवून.

तिथे गेल्यावर शहराच्या पश्चिम भागाचा हट्ट सोडावा. स्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलं आहे, मधल्या भागात जागा कमी आणि भाव जास्त. एस्लिंगन, लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन, लिओनबेर्ग ही गावं लोकल गाडीच्या मार्गावर आहेत. मी एस्लिंगनला राहिले, नदी आणि द्राक्षमळे दोन्ही असल्यामुळे नाशिकच्या माणसाला परकं वाटत नाही. कंपनीतल्या नोटीस बोर्डावर लक्ष ठेवावं, निवृत्त कर्मचारी वरचा मजला भाड्याने देतात आणि कंपनीचं नाव ऐकून निश्चिंत होतात. बॉशच्या इथल्या जुन्या कंपनीच्या नावाचं मायको सर्कल ज्याच्या रोजच्या वाटेवर होतं त्याला १८८६ साली स्टुटगार्टला सुरू झालेल्या बॉशच्या वर्कशॉपबद्दल मी काय सांगणार, पण तिथल्या म्हाताऱ्या मंडळींत ‘नाशिक’ हे नाव ऐकलेली माणसं खरंच भेटतात. तिने आपलं गाव सांगायला कचरू नये. तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही खोल्या निघतात. मराठी बोलतो म्हणून त्याला न बघता पैसे द्यायचे, असं मात्र नाही. वरचे सगळे नियम तिथेही लागू.

घर बघायला दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. ‘दोन खोल्यांचं’ घर म्हणजे हॉल आणि बेडरूम, आपलं वन बीएचके, कारण स्वयंपाकघर मोजत नाहीत. पुष्कळदा स्वयंपाकघर नसतंच, नुसत्या भिंती, पाण्याचा पाइप आणि लोंबणारी वायर. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं सगळं भाडेकरूने आणायचं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकायला बसलेला असतो. ते घेणं नवीन बसवण्यापेक्षा परवडतं, फक्त किंमत त्या सामानाच्या वयाला साजेशी हवी आणि काय काय घेतलं ते लिहून घ्यावं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जाहिरातीत ‘आइनबाउक्युशं’ हा शब्द असलेलीच घरं बघावीत, म्हणजे ओटा आधीच बसवलेला आहे.

करार आला की सही करण्यापूर्वी जर्मन वाचणाऱ्या माणसाला दाखवावा. भाडेकरूला घर सोडायला तीन महिन्यांची नोटीस लागते. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती पोचली तर तो महिना धरतात. नोटीस कागदावर, स्वतःच्या सहीने, ईमेल चालत नाही. काही करारांत पहिलं एक किंवा दोन वर्षं कुणीही नोटीस द्यायची नाही असं कलम असतं. नवीन नोकरीत परीविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ चालू असताना ते मान्य करायचं का, हे नीट बघावं. भाडं दर वर्षी आपोआप वाढणार असेल तर तेही तिथेच लिहिलेलं असतं. शंका असेल तर शहरोशहरी भाडेकरूंच्या संघटना आहेत, मीटरफेराइन म्हणतात, वार्षिक वर्गणी भरली की त्यांचे वकील कागद बघून देतात.

स्टुटगार्टकडे आणखी एक गंमत आहे. जिना आणि घरासमोरचा रस्ता झाडण्याची आठवड्याची पाळी भाडेकरूंमध्ये फिरते, केअरवोखं. दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात झाडू तिचा. इंजिनिअर असो की डॉक्टर, सुटका नाही, आणि जिना न झाडणारी शेजारीण ही तिकडे भाडं थकवणाऱ्यापेक्षा फार वरची समजली जात नाही. रात्री दहानंतर आणि रविवारी ड्रिल, हातोडा, मोठा आवाज नको. रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची, थंडी असली तरी, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि दोष भाडेकरूवर येतो.

वहिनींना सांगा, कुकर जरूर द्या. तीन लिटरचा, तळ अगदी सपाट आणि इंडक्शनवर चालणारा. तिकडे बहुतेक घरांत काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते, तिच्यावर फुगीर तळाचं भांडं नीट तापत नाही, आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. एक जादा गास्केट आणि शिट्टी बरोबर द्या. फोडणी करताना खिडकी उघडी, जिन्याकडचं दार बंद.